परत तेच!

कोविडचे रुग्ण वाढले की लावा कुलूप, म्हणजे लॉकडाऊन. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महासाथ जाहीर केली, आणि मग सगळीकडून एकच पालुपद: लॉकडाऊनने रोग जात नाही, तयारीला वेळ मिळतो. बरं, मिळाला ना वेळ? गेला कुठे? आम्ही घरात बसून रोजगार घालवला, पोरं मोबाइलमध्ये डोळे घालून शाळा शिकली, आणि पुढची लाट आली तेव्हा पुन्हा "खाट शिल्लक नाही".

व्हेंटिलेटर आले की लगेच फोटो. अहो, ते चालवायला अतिदक्षता विभागात तयार झालेली नर्स लागते, ती काय ऑर्डर देऊन आठवड्यात येते? आहेत त्यांनाच डबल ड्युटी, पीपीई किटमध्ये घामाने निथळत. वर त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायच्या! (पगाराचं तेवढं नंतर बघू.)

आणि बाकीचे आजार काय रजेवर गेले होते? केमो पुढे ढकला, ऑपरेशन पुढे ढकला, बाळाची लस पुढे ढकला.

मास्क लावतो, लसही घेतली. पण पुढचं कुलूप लावायच्या आधी मागच्या वेळात नेमकं काय केलंत, तेवढं सांगा.