जवस खा, पण गोळी सोडू नका

आत्याच्या फोनवर आलेला मेसेज असा: 'रोज दोन चमचे जवस खा. ओमेगा-३ मुळे रक्त पातळ राहतं, अ‍ॅस्पिरिनची गरज नाही. तूप बंद करा, त्याने गुठळ्या होतात.' आत्याच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) टाकून चार महिने झालेत. रविवारी तिच्या गोळ्यांचं पाकीट सहज हातात घेतलं, तर बुधवारपासूनच्या गोळ्या जशाच्या तशा! "जवस खातेय ना रे," ती म्हणाली. माझ्या पोटात गोळाच आला.

'रक्त पातळ' हा शब्दच फसवा. अ‍ॅस्पिरिनने रक्ताचा दाटपणा बदलत नाही. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या गुठळी बनवणाऱ्या सूक्ष्म पेशी, एकमेकींना चिकटणं कमी होतं. जखम झाली की प्लेटलेट आपल्या आवरणातल्या अ‍ॅराकिडॉनिक नावाच्या स्निग्ध आम्लापासून थ्रॉम्बॉक्सेन बनवते आणि ते बाकीच्या प्लेटलेट्सना गोळा करतं.

ओमेगा-३ चा मुद्दा अगदीच खोटा नाही. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी १९७० च्या दशकात ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा अभ्यास केला. सील आणि मासे खाणाऱ्या या लोकांचं रक्त थांबायला जास्त वेळ लागत होता. माशांतलं ईपीए नावाचं ओमेगा-३ प्लेटलेटच्या आवरणात शिरतं आणि त्यापासून बनणारं थ्रॉम्बॉक्सेन अगदी दुबळं असतं. पण ईपीए बांगड्यात, तारलीत असतं. जवसात असतं एएलए हे वेगळं ओमेगा-३, आणि शरीर त्याचा जेमतेम थोडा हिस्सा ईपीएत बदलतं. त्यात जवस अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात.

आता 'गोळीची गरज नाही'. सगळ्यात घातक वाक्य हे. थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागणारं एन्झाइम अ‍ॅस्पिरिन कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला ते नव्याने बनवता येत नाही. ती जगते सात ते दहा दिवस, रोज नव्या येत राहतात, म्हणून गोळीही रोज. चटणीच्या चमच्याला हे जमत नाही. स्टेंटच्या धातूवर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. ती झाली तर थेट हार्ट अटॅक.

तुपाबद्दल थोडक्यात: अति तुपाने एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढतं, वर्षानुवर्षं धमनीत थर साचतो. वरणावरच्या चमचाभर तुपाने दुपारी गुठळी होत नाही.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यानुसार गोळ्या पुन्हा सुरू केल्या. जवसाची चटणी आत्याच्या ताटात अजून असते, कुटलेली. तुमच्या घरी हा मेसेज आला असेल, तर आजच पाकिटातल्या गोळ्या मोजा.