‘आमच्याकडेच का?’ या प्रश्नावरचे आक्षेप आणि त्यांचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरीविषयक व्हॉट्सॲप गटांमधून एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. ‘तुम्हाला आमच्याकडेच काम का करायचे आहे?’ हा मुलाखतीतला प्रश्न म्हणजे मालकांचे निव्वळ ढोंग आहे, असे त्याचे म्हणणे. माणूस पगारासाठीच काम करतो, तेव्हा कारण विचारणेच खोटेपणाचे. ‘पगारासाठी’ असे खरे उत्तर दिले की उमेदवार बाद होतो. निवड बायोडेटावर आधीच ठरलेली असते. उत्सुकता दाखवणाऱ्याला पगार कमी दिला जातो. सरकारने मुलाखती बंद केल्या तरी खासगी कंपन्या मात्र हा खेळ चालूच ठेवतात, असे पाच मुद्दे त्यात आहेत, आणि शेवटी कुठेही खपेल असे एक तयार उत्तर पाठ करण्यासाठी दिले आहे. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या मुलाखतींना मी बरीच वर्षे बसतो आहे. मजकुरामागचा संताप मला समजतो आणि त्यातले एक-दोन मुद्दे अर्धे खरेही आहेत. परंतु निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो प्रमाण मानून मुलाखतीला जाणाऱ्याचे त्यात नुकसान आहे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहतो.

पहिला मुद्दा पगाराचा. माणूस पगारासाठी काम करतो हे नाकारणारा मालक मला अजून भेटलेला नाही. परंतु पगार सगळेच देतात. वागळे इस्टेटपासून ऐरोली, रबाळे, महापे करत तुर्भ्यापर्यंत गेले, तर एकाच महिन्यात सारख्या अनुभवाला जवळपास सारखा पगार देणाऱ्या अनेक जागा निघालेल्या असतात आणि उमेदवार त्यांपैकी काहींनाच अर्ज करतो. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते या निवडीचे कारण: सारख्या पगाराच्या जागांमधून ही का, आणि हातातली सोडून ही का. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांशी आणि हिशेबनीसांशी बोलून १९५९ मध्ये असा निष्कर्ष मांडला होता की पगार, वरिष्ठांची वागणूक, कंपनीची धोरणे या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण केवळ त्या नीट असल्याने तो कामात रमत नाही. रमतो तो कामातल्या यशामुळे, मिळालेल्या कौतुकामुळे आणि खुद्द कामामुळे. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, कारण विचारले तर माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, आणि ती टीका रास्तच आहे. तरीही कमी पगाराने माणूस जातो आणि पुरेशा पगारानेही टिकतोच असे नाही, एवढे तर कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावरून दिसते.

हा प्रश्न विचारण्यामागचे खरे कारण मात्र मानसशास्त्राहून बरेच रोकडे आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने त्याकडे पाहिलेलेच नाही. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत ६० ते ९० दिवसांचा नोटीस पीरियड ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे ऑफर लेटर हातात पडल्यापासून माणूस प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि त्या काळात तो त्याच लेटरच्या जोरावर आणखी चार ठिकाणी बोलणी करू शकतो किंवा जुन्या कंपनीकडून काउंटर ऑफर, म्हणजे थांबण्यासाठी वाढीव पगार, मिळवून जागेवरच राहू शकतो. ठरल्या दिवशी तो आला नाही, तर तोवर यादीतले दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार इतरत्र लागलेले असतात आणि सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. कन्सल्टन्सीमार्फत, म्हणजे उमेदवार शोधून देणाऱ्या संस्थेमार्फत, माणूस घेतला तर तिला वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा आपल्याकडचा रुळलेला दर आहे. रुजू झालेला माणूस ठरावीक मुदतीत सोडून गेला तर कन्सल्टन्सी बदली उमेदवार देते, पण शिकवण्यात गेलेले पर्यवेक्षकाचे दिवस कोणी भरून देत नाही. मोठ्या कंपनीत हा खर्च पोटात जिरतो. ज्या कारखान्यात क्वालिटी विभागात मुळात दोनच माणसे आहेत, तिथे त्यांतले एक महिनाभरात निघून गेले तर माल तपासणीसाठी अडून राहतो आणि डिस्पॅच चुकते. ‘आमच्याकडेच का?’ असे विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ‘येणार ना, आणि राहणार ना?’ हेच असते.

दुसरा मुद्दा असा की पगाराचे नाव काढले की उमेदवार बाद होतो. यासाठी एकाच जागेसाठी एकाच सकाळी झालेल्या दोन मुलाखतींचे उदाहरण पुरेसे आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या रबाळ्याच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर हवा होता. पहिल्या उमेदवाराने कारण विचारताच ‘सर, पगार जास्त आहे,’ असे सांगितले. प्रॉडक्शन मॅनेजरांनी विचारले, ‘उद्या तुमच्या सध्याच्या कंपनीने एवढाच पगार केला तर?’ तो म्हणाला, ‘मग तिथेच राहीन.’ उत्तर शंभर टक्के प्रामाणिक होते. दुसरा उमेदवार बदलापूरचा होता आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत, म्हणजे घराजवळ, काम करत होता. ‘घराजवळची नोकरी सोडून इतक्या लांब का येता?’ असे विचारल्यावर त्यानेही सुरुवात पगारानेच केली: ‘पगार वाढतो आहे सर, पण त्यातला बराचसा पास आणि रिक्षात जाईल, त्याचा हिशेब मी केला आहे. तिथे मी व्हर्नियर आणि मायक्रोमीटर या हाताने मापण्याच्या साधनांवरच अडकलो आहे. तुमच्या जाहिरातीत सीएमएम (सुट्या भागांची अचूक मापे घेणारे यंत्र) लिहिले आहे, मला त्या मशीनवर काम शिकायचे आहे.’ पहिली पाळी सकाळी सातची, कसे येणार, असे विचारल्यावर त्याने ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बरची कोणती गाडी पकडावी लागेल आणि ती चुकली तर पुढची किती वाजता आहे, हे सांगितले. त्याला घेतले. पगाराचा उल्लेख दोघांनीही केला होता; फरक एवढाच की पहिल्याच्या उत्तरात पगाराखेरीज काहीच नव्हते, आणि जो केवळ आकड्यावर येतो तो आकड्यावरच जातो, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. माझ्या मते ‘पगार, अंतर आणि काम’ या तिन्हींचा सरळ हिशेब मांडणारे उत्तर हे सर्वांत विश्वासार्ह असते, आणि पगाराचा उल्लेखच टाळणाऱ्या गोड उत्तराकडे अनुभवी माणूस थोडे संशयानेच पाहतो.

निवड बायोडेटावर आधीच ठरते, या तिसऱ्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. बायोडेट्यावरून ठरते ते कोणाला बोलवायचे एवढेच. बोलावलेल्या पाच-सहा जणांची पात्रता कागदावर बहुधा सारखीच असते, आणि कागदावरचे अंतर संपले म्हणूनच तर मुलाखत घ्यावी लागते. जिथे वशिल्याचा माणूस आधीच पक्का असतो, तिथे अर्थातच कोणत्याच प्रश्नाला अर्थ नसतो, पण तो दोष वशिल्याचा आहे.

मुलाखतीतल्या उत्तरांचा पुढच्या कामाशी संबंध असतो का, हा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि त्यावर बरेच संशोधन झाले आहे. श्मिट आणि हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अनेक दशकांचे अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांनुसार, सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या, म्हणजे बांधीव, मुलाखतीचा कामगिरीशी असलेला सहसंबंध (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.५१ होता आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हीच गणिते पुन्हा तपासली तेव्हा दोन्ही आकडे खाली आले, अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ झाले, पण बांधीव मुलाखत त्यांच्या यादीत सर्वांत वर राहिली. हे आकडे संपूर्ण मुलाखतीचे आहेत, या एका प्रश्नाचे नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते: प्रश्न कोणता यापेक्षा तो कसा विचारला आणि उत्तर कशावर तोलले, याला महत्त्व आहे. चहा येईपर्यंत वेळ काढण्यासाठी विचारलेला ‘हं, मग आमच्याकडे का?’ हा प्रश्न मजकूरकर्त्याने म्हटल्याप्रमाणे खरोखरच निरुपयोगी असतो, आणि असे मुलाखतकार आपल्याकडे कमी नाहीत.

या प्रश्नाचा आणखी एक उपयोग आहे, ज्याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष नसते. उमेदवाराच्या उत्तरातून त्याने कामाची काय कल्पना करून घेतली आहे हे कळते आणि ती चुकीची असेल तर तिथेच दुरुस्त करता येते. अमेरिकेत जॉन वॅनस यांनी १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरांच्या भरतीबाबत प्रयोग करून, कामाचे केवळ गुलाबी चित्र न दाखवता त्यातला त्रासही आधी सांगावा, या पद्धतीकडे लक्ष वेधले होते. ‘डिझाइनमध्ये काम करायचे आहे’ म्हणून आलेल्या मुलीला या जागेवर वर्षभर फक्त जुन्या ड्रॉइंगमध्ये दुरुस्त्या कराव्या लागणार आहेत, हे तिने रुजू होऊन तिसऱ्या आठवड्यात शोधून काढण्यापेक्षा मुलाखतीच्या टेबलावर कळलेले दोघांच्याही सोयीचे असते.

उत्सुकता दाखवली की पगार कमी होतो, हा चौथा मुद्दा अनुभवी माणसाच्या बाबतीत फारसा टिकत नाही, कारण आपल्याकडे त्याचा नवा पगार मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाहून आणि त्यावर अमुक टक्के वाढ धरून ठरतो. या पद्धतीवर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे, पण त्यात उत्साहाचा भाव कोणी लावत नाही. फ्रेशर आणि आयटीआयच्या मुलांच्या बाबतीत मात्र तक्रार खरी आहे. ‘शिकायला मिळते आहे ना, मग पैशाचे काय घेऊन बसलास?’ हे वाक्य मी कानांनी ऐकले आहे. शिकाऊ उमेदवाराला किमान विद्यावेतन देणे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली बंधनकारक आहे, आणि मुलाची शिकण्याची इच्छा ही त्यात कपात करण्याची सबब होऊ शकत नाही.

मजकुरात नसलेला, पण माझ्या मते या प्रश्नावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. स्त्री उमेदवार समोर असली की ‘आमच्याकडे का?’ या प्रश्नावरून गाडी पाहता पाहता ‘लग्नाचे काय?’, ‘सासर कुठे?’, ‘मूल लहान आहे, मग सेकंड शिफ्ट कशी जमणार?’ इथे येऊन थांबते. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करण्यास १९७६ च्या समान मोबदला कायद्यात मनाई होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. पाळीच्या वेळा जमतील का, हे विचारणे गैर नाही. ते पुरुषाला आणि स्त्रीला एकाच शब्दांत विचारले पाहिजे आणि ‘जमेल’ असे उत्तर आल्यावर तिथेच थांबले पाहिजे.

सरकारी मुलाखतींचा दाखला वरवर बिनतोड वाटतो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून क गटाच्या आणि अराजपत्रित ब गटाच्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या, हे खरे आहे. पण त्यामागचे कारण शिफारशी, दलाली आणि गुणांमधली मनमानी हे होते. प्रेरणा विचारणे व्यर्थ आहे असा त्याचा अर्थ नव्हता. नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण आजही व्यक्तिमत्त्व चाचणीला, म्हणजे मुलाखतीलाच, आहेत. शिवाय सरकारी नोकरीत लागलेला माणूस सहसा सोडून जात नाही, त्यामुळे ‘राहणार ना?’ ही खासगी मालकाला छळणारी चिंता तिथे फारशी नसते.

राहिले ते तयार उत्तर: ‘आपल्यासारख्या नामांकित व प्रगतिशील संस्थेत माझ्या कौशल्यांचा विकास करून संस्थेच्या प्रगतीत योगदान देण्याची माझी इच्छा आहे.’ हे वाक्य म्हणून झाल्यावर पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, ‘आम्ही काय बनवतो?’ आणि पाठांतर करून आलेल्यांपैकी बरेच जण इथेच गप्प होतात. त्यापेक्षा कंपनीची वेबसाइट आणि जाहिरात नीट वाचून आपल्या सध्याच्या कामात नसलेली एक गोष्ट तिथे कोणती आहे ते शोधावे, येण्याजाण्याचा आणि हातात येणाऱ्या पगाराचा हिशेब आधी घालावा आणि तोच सांगावा. मग आपली पाळी आली की एक प्रश्न आपणही जरूर विचारावा: ही जागा रिकामी का झाली? उमेदवाराला ‘का’ विचारणाऱ्या मालकाने या ‘का’चे सरळ उत्तर दिले पाहिजे, मग ते बढती असो, वाढलेले काम असो किंवा सहा महिन्यांत सोडून गेलेली दोन माणसे असोत. उत्तर टाळले गेले, तर ऑफर स्वीकारण्याआधी एकदा पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर जाऊन बाहेर पडणाऱ्या दोघा-तिघांशी बोलून घ्यावे.