दगडाची सावली आणि माझी शोभा

परवा रविवारी एका माणसानं मला तासाभरात साहेबावरून बटाट्यावर आणलं. अजून डोक्यातून गेलेलं नाहीये ते.

मी टॅबवर चित्रं काढतो. क्रिटा नावाचं चित्रं काढायचं ॲप टाकलंय, फुकट आहे म्हणून. आणि सहा महिने झाले, माझं गाडं दगडावर अडकलंय. माणसं नंतर, आधी दगड काढा, असं सगळे शिकवणारे सांगतात, कारण म्हणे दगड सोपा असतो. सोपा कसला, दगड!

गल्लीच्या तोंडाशी एकांचं घर चाललंय, तिथं पायासाठी डबर पडलाय. आपला नेहमीचा काळा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, गार झाला, आणि एवढं सगळं सोसून शेवटी ब्रासच्या हिशोबात आमच्या गल्लीत येऊन पडला. सकाळीच बसणार होतो, पण नेमकं पाणी आलं, आणि चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या दिवशी घरातला कलाकारसुद्धा बादलीच धरतो. पिंप, बॅरल, कूलर, शेवटी कुकरपण भरून होईपर्यंत साडेअकरा. मग टोपी घातली, प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि पेन डोळ्यासमोर उभा-आडवा धरून, एक डोळा मिटून दगडांची मापं घ्यायला लागलो.

तेवढ्यात मुकादम आले. कपाळाला भस्म, खांद्यावर टॉवेल, कानाला मोबाईल. मला बघून त्यांनी फोन ठेवला.

"काय मोजलालाव साहेब?"

"काही नाही, चालू द्या तुमचं."

इथंच चुकलं. खऱ्या साहेबानं नेमकं हेच म्हटलं असतं.

"डबर पूर्ण दोन ब्रास हाय साहेब. मी स्वतः उभारून उतरवून घेतलाय."

ब्रास म्हणजे १०० घनफूट. आता ते दोन आहेत की पावणेदोन, मला काय कळणार, मी नुसतं "हं" म्हणालो. त्या "हं"नं त्यांना घाम फुटला आणि चहा आला. चहा येईपर्यंत मी गप्प बसलो ही माझी चूक, मान्य.

अर्धा कप झाल्यावर त्यांनी टॅबमध्ये डोकावलं.

"ऑफिसातून नाही आला का तुम्ही, सर?"

"नाही ओ. ते काय, तिसरं घर माझं."

"मग हे काय काढलालाव, भाऊ?"

"दगड. उजेड-सावलीचा सराव करतोय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्या हातातला कप काढून घेतला, घोटभर चहा होता अजून त्यात, आणि म्हणाले, "काय बे तू."

साहेब, सर, भाऊ, बे. बाहेरगावच्यांना सांगायला पाहिजे की आमच्या सोलापुरात "बे" ही शिवी नाही, प्रेमानंच म्हणतात, पण त्यालाही माप असतं. दोस्ताच्या "बे"त लाड असतो. ह्या "बे"त वाया गेलेल्या चहाचे पैसे होते.

"फोटो काढायचा की, दोन मिनटाचं काम."

मी समजवायला गेलो. की मोबाईल सावली आपल्या मनानं उजळ करून टाकतो, काळ्या दगडाचा काळेपणाच जातो. दगडाला आधी तीन बाजू धरायच्या, वरची उजळ, बाजूची मधली, खालची गडद, आणि कडा कडक ठेवायच्या. मऊ ब्रशनं घोटत बसलं की...

"...बटाटा होतो," मुकादम म्हणाले. "झालाय की."

विटा वाहणाऱ्या दोन मावश्यांना हाक मारून दाखवलं त्यांनी. एक म्हणाली रताळं वाटतंय. दुसरी काहीच बोलली नाही, तिचं जास्त लागलं.

"दगडाला तोंडच न्हाई बे. गवंडी हातात घेणार न्हाई असला. आणि सावली कुठाय?"

मी मान वर केली. मे महिन्याचा दुसरा आठवडा. वर्षातून दोनदा सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, त्यातली एक खेप ह्याच आठवड्यातली, साडेबाराच्या जरा आधी. उभ्या बांबूची सावली बांबूच्या बुडात शिरलेली. सहा महिने सावली शिकणारा मी, आणि सावली गायब व्हायच्या मुहूर्तावर खुर्ची टाकून बसलो होतो.

"सातला यायचं बे."

"सातला पाणी होतं."

"मग पाणी काढायचं."

तरी हट्टानं बसलो. एक दगड मोठा, दोन मधले, बाकी बारके, मोठा मधोमध न घेता जरा डावीकडं, आणि त्याच्या पोटाला मुरमावरून उडालेला तांबूस उजेड. सहा महिन्यांत पहिल्यांदा तेवढा एक दगड जमत आला होता. तेवढ्यात सिमेंटचा टेम्पो आला. गल्लीला उतार. ड्रायव्हर ओरडला, "दगड लाव बे!" आणि मुकादमांनी एवढ्या ढिगातून नेमका माझा, डावीकडचा, मोठा उचलला आणि मागच्या चाकाला लावला.

"ओ, तो काढत होतो मी!"

"काढ की मग. हितं पण दगडच हाय. वर टेम्पोची सावली फुकट."

खरं सांगू का, कट्ट्यावर बसून दोन-दोन तास रील बघणाऱ्याला कुणी विचारत नाही, काय बघलालाव म्हणून. चित्र काढायला बसलं की मात्र सगळ्या गल्लीला त्या माणसाच्या वेळेची काळजी. घरीपण तेच, "ह्याचे पैसे मिळतात का रे?" नाही मिळत. कूलर भरायचे पण मिळत नाहीत.

सोमवारी सातला गेलो. उजेड तिरका, सावल्या हात-हातभर, बुडाशी रेखीव आणि टोकाला विरघळलेल्या, पुस्तकात दाखवतात तश्शा. पण डबर सगळा पायात गेलेला. रस्त्यात एकच दगड उरला होता, चाकाला लावलेला. टेम्पो नव्हता. म्हटलं हा तर हा.

मुकादम लांबूनच गाडीवरून ओरडले, "काय बटाटे, चहा?"

घेतला. पैसे मी दिले.