सोनोग्राफी नॉर्मल, पण बाळ पिवळंच: एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, तान्ह्या बाळांची लांबलेली कावीळ आणि तिच्यामागे असू शकणारा बिलिअरी अॅट्रेसिया, म्हणजे पित्तनलिका बुजण्याचा आजार, यांवरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. रिपोर्टात 'पित्ताशय दिसते, यकृत नॉर्मल' असं आल्यावरही मी पुढच्या तपासण्या सुचवून पालकांना घाबरवतो, हा पहिला. आणि सोनोग्राफी एवढी बिनभरवशाची असेल तर ती करायचीच कशाला, हा दुसरा. मी स्वतः सोनोग्राफीवरच पोट भरतो, त्यामुळे दुसरा आधी घेतो.

मोठ्या माणसाच्या पित्तनलिकेत खडा अडकला की मागच्या नलिका फुगतात. त्या फुगवट्यावरून अडथळा ओळखायचा, ही आम्हा रेडिओलॉजिस्टांच्या हाडीमांसी मुरलेली सवय. बिलिअरी अॅट्रेसियात मात्र यकृताबाहेरच्या नलिका दाह होऊन बुजतात, आतल्याही त्यात सापडतात, म्हणून त्या बहुधा फुगतच नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 'आयएचबीआर डायलेटेड नाहीत', म्हणजे यकृतातल्या पित्तनलिका फुगलेल्या नाहीत, हे रिपोर्टातलं वाक्य अगदी खरं असतं, आणि तेच वाचून सगळे निर्धास्त होतात.

तिथे बघायचं असतं ते वेगळंच. बाळ सुमारे 4 तास उपाशी हवं, कारण दूध प्यायल्यावर पित्ताशय आकसतं आणि नसल्यासारखं वाटतं. (सहा आठवड्यांचं बाळ 4 तास भुकेलं ठेवल्यावर आजीची बोलणी मलाच खावी लागतात.) लिनिअर प्रोबने, म्हणजे वरवरचं बारीक दाखवणाऱ्या सपाट प्रोबने, पाहिल्यावर पित्ताशय दीड सेंटिमीटरहून आखूड, वेडंवाकडं आहे का, यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनला फाटा फुटतो तिथे 4 मिलिमीटरहून जाड पांढरा पट्टा, म्हणजे ट्रायअँग्युलर कॉर्ड, आहे का? हे दिसलं तर संशय फार बळावतो. नाही दिसलं तर बाळ सुटलं असं होत नाही. पित्ताशय चांगलं दिसूनही पुढे हा आजार निघालेली बाळं असतात. मग करायची कशाला? कोलेडोकल सिस्टसारखं (पित्तनलिकेचा जन्मजात फुगवटा) दुसरं कारण तिच्यात पटकन सापडतं, प्लीहा, जलोदर, पोर्टल व्हेनमधला प्रवाह कळतो, आणि रेडिएशन नाही.

आता घाबरवण्याचं. मोरिओ कसाई यांनी 1950च्या दशकात जपानमध्ये सुरू केलेली, आतडं थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया बाळ 60 दिवसांचं व्हायच्या आत झाली, तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त. उशीर होईल तसं यकृत कडक होत जातं आणि प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. शस्त्रक्रिया वेळेत होऊनही पुढे प्रत्यारोपण लागणारी मुलं असतातच. पण 'वजन वाढतंय, दूध ओढतंय, कोवळ्या उन्हात धरा' यात महिना घालवणं मला परवडणारं वाटत नाही. ही बाळं सुरुवातीला दिसतातही गुटगुटीत.

तालुक्याला बालशल्यचिकित्सक नाही, असंही तुम्ही म्हणता, आणि ते बरोबर आहे. म्हणूनच दोन आठवड्यांनंतरही पिवळ्या असलेल्या बाळाचं रक्तातलं एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग देणारं द्रव्य; डायरेक्ट म्हणजे यकृताने पित्तात सोडण्यासाठी तयार केलेला त्याचा भाग) तपासा. ते तालुक्याच्या लॅबमध्ये होतं. डायरेक्ट डेसिलिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या वर आलं तर सोनोग्राफीच्या तारखेसाठी थांबू नका, त्याच आठवड्यात मोठ्या केंद्राकडे पाठवा. आईला शीचा फोटो काढून आणायला सांगा. पांढुरकी शी आणि लंगोटावर पिवळा डाग पडणारी लघवी, एवढं ती बिनचूक सांगते. आणि पाठवण्याआधी व्हिटॅमिन के इंजेक्शनने द्या. आतड्यात पित्त नसेल तर ते तिथून नीट शोषलं जात नाही, आणि अशा बाळाला वाटेतच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.