‘पोलीस पकडतात, कोर्ट सोडतं’: खटला नेमका निसटतो कुठे?

एखादा भयंकर गुन्हा घडला की ठरलेला मजकूर फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: पोलीस जिवावर उदार होऊन आरोपी पकडतात आणि कोर्ट त्याला दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडतं. कबुली दिलेली असली तरी तांत्रिक कारण काढून निर्दोष ठरवतं. साक्षीदार पैसे खाऊन फिरतात. तेव्हा खटल्याच्या भानगडीत न पडता सरळ गोळी घाला. यातला संताप खरा आहे. बाकीचं वाक्यावाक्यानं तपासू.

‘दुसऱ्या दिवशी सोडून दिलं’

जामिनावर आलेला माणूस आरोपीच असतो. तारखेला हजर झाला नाही तर वॉरंट निघतं, जामिनाची रक्कम जप्त होते, पुन्हा आत जावं लागतं. आणि कोर्टं सरसकट सोडत असती तर तुरुंग रिकामे दिसायला हवे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभर ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकालच न लागलेले. सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता ४,३६,२६६. जेवढी जागा आहे तेवढी जवळजवळ एकट्या कच्च्या कैद्यांनीच भरते. यातल्या काहींच्या हातात जामिनाचा आदेशही असतो, पण जामीनदार उभा करायची ऐपत नसते.

गंभीर गुन्ह्यात आरोपी लवकर बाहेर आलेला दिसतो, त्यामागे पुष्कळदा न्यायाधीशाची दया नसून पोलीस ठाण्याचं कॅलेंडर असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १८७ प्रमाणे दोषारोपपत्र ठरलेल्या मुदतीत गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवस, बाकीच्या गुन्ह्यांत ६०. मोजणी अटकेपासून होत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यानं पहिल्यांदा कोठडी दिली त्या तारखेपासून होते. तो पहिला दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं. एका दिवसाची ही गफलत झाली की ६१व्या दिवशी सकाळी आरोपीचा वकील अर्ज घेऊन उभा असतो. मग गुन्हा कितीही भीषण असो, आरोपी जामीनदार द्यायला तयार असेल तर कोर्टाला नाही म्हणता येत नाही.

मुदत का चुकते? तपासी अंमलदार तपासाव्यतिरिक्त सगळं करत असतो: मिरवणुकीचा बंदोबस्त, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, असं पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलं. ठाण्यात जाऊन हजेरीपट आणि बंदोबस्ताचा तक्ता शेजारी ठेवून पाहा, ते किती पाळलं गेलं ते कळेल.

‘कबुली दिली तरी सुटला’

पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही. हा नियम कुणा मवाळ न्यायाधीशानं काढलेला नाही, इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातच तो होता आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तसाच आला आहे. कारण उघड आहे: कोठडीत कबुली मिळवणं हे तपासातलं सगळ्यात सोपं काम.

याला एक अपवाद आहे, आणि खरा तपास तिथेच दिसतो. आरोपीनं सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग वापरता येतो. त्यासाठी आधी पंच बोलवायचे, मग आरोपीला बोलतं करायचं. तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत निवेदन पंचनाम्यात उतरवायचं, सह्या घ्यायच्या, आणि मग ठाण्यातून निघायचं. प्रत्यक्षात बरेचदा कोयता आधी सापडतो आणि निवेदन संध्याकाळी लिहिलं जातं. स्टेशन डायरीतली गाडी निघाल्याची वेळ आणि पंचनाम्यावरची वेळ जुळत नाही, इथे ते उघडं पडतं. ‘मी गुन्ह्यात वापरलेलं हत्यार लपवलेली जागा दाखवतो’ हे वाक्य चार आरोपींच्या चार पंचनाम्यांत कानामात्रेसह एकसारखं असेल, तर उलटतपासणीला फार कष्ट पडत नाहीत.

‘पुरावा होता, पण तांत्रिक मुद्द्यावर सोडलं’

मेसेजमधलं सगळ्यात खपणारं वाक्य हेच. ज्याला ‘तांत्रिक’ म्हणतात ते साध्या भाषेत असं: कोर्टापुढे आलेली वस्तू तीच आहे का, याची खात्री.

रक्ताचा शर्ट घ्या. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. ओला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला की बुरशी धरते, डीएनए खराब होतो आणि ‘रक्तगट निश्चित करता आला नाही’ असा सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट येतो. पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेचं सील हवं. त्याच सीलचा नमुना पंचनाम्यावर आणि प्रयोगशाळेच्या पत्रावरही हवा. मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद, बाहेर काढल्याची नोंद, नेणाऱ्या शिपायाचं नाव, पोहोच पावती. शर्ट सोमवारी जप्त झाला आणि प्रयोगशाळेत वीस दिवसांनी पोहोचला, तर मधले वीस दिवस तो कुठे होता हे मुद्देमाल कारकुनानं साक्षीत सांगायला हवं. पुष्कळ खटल्यांत कारकून आणि तो शिपाई साक्षीदारांच्या यादीतच नसतात! मग सील शाबूत होतं हे सांगणार कोण?

गांजाच्या खटल्यात तर सगळा जोर वजनावर. २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण धरतात, तिथून शिक्षा किमान दहा वर्षं आणि जामीन अत्यंत अवघड. पण अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांपासून सुट्टी झालेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. छाप्यात देठ, पाला, बिया, गोणपाट सगळं एकत्र तोलून २१ किलो लिहिलं, की पहिला प्रश्न हाच येतो: यातला गांजा किती? ओला माल वाळून हलका होतो ते निराळंच. म्हणून याच कायद्याच्या कलम ५२-अ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यासमोर यादी, फोटो आणि नमुने घ्यायचे असतात. छाप्याच्या जागीच चार पुड्या बांधून मोकळं व्हायचं, ही जुनी सवय अजून गेलेली नाही.

सीसीटीव्हीची गंमत आणखी वेगळी. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, काही आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवं लिहितो. पोलीस महिन्यानं गेले तर हाती काही लागत नाही. वेळेत गेले, तरी त्या यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे हे पंचनाम्यात लिहावं लागतं, नाहीतर मोबाइलच्या कॉल तपशिलाशी मेळ बसत नाही. आणि मूळ यंत्राऐवजी पेनड्राइव्ह दिला तर प्रमाणपत्र लागतंच. जालन्याच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये हे पक्कं झालं. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा; एक बिंदू बदलला तरी तो बदलतो. दुकानदाराकडून ‘अ’ भागावर सही त्याच दिवशी घ्यायची असते. सहा वर्षांनी दुकान असतं, नसतं.

मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ ला बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं, तेव्हा हा मेसेज पुन्हा जोरात फिरला. निकालातली कारणं काय होती? ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. जप्त स्फोटकं प्रयोगशाळेत जाईपर्यंत नीट सीलबंद राहिल्याचं सिद्ध झालं नाही. कबुलीजबाबांचे मजकूर एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे होते. (मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात पोलीस उपायुक्तापुढची कबुली चालते, तरीही.) सर्वोच्च न्यायालयानं तीनच दिवसांत या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्याला स्थगिती दिली, म्हणजे विषय संपलेला नाही. पण कोर्टानं दाखवलेल्या उणिवा तपासाच्या पहिल्या काही महिन्यांतल्या आहेत.

‘साक्षीदार विकले जातात’

काही जातात. पण फितूर होण्याची सुरुवात अनेकदा जबाब लिहितानाच झालेली असते. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही कायद्यानंच घ्यायची नसते. रायटर (ठाण्यातला लेखनिक) स्वतःच्या भाषेत लिहितो, ‘सदर इसमाने’ वगैरे. साक्षीदार पाच-सात वर्षांनी पिंजऱ्यात स्वतःच्या भाषेत बोलतो, आणि दोन्हींतला प्रत्येक फरक नोंदवला जातो. त्याला प्रवासखर्च मिळतोच असं नाही, मजुरी बुडते, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात तो आरोपीच्या माणसांशेजारीच बसलेला असतो. साक्षीदार संरक्षण योजना डिसेंबर २०१८ पासून देशभर बंधनकारक आहे. ती आहे हे किती साक्षीदारांना सांगितलं जातं? दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यानं नोंदवायचाच, ही नव्या संहितेतली तरतूद खरी उपयोगाची. मात्र साक्षीदाराला ठाण्यातून कोर्टापर्यंत न्यायला माणूस मोकळा हवा.

लांबलेल्या तारखांचं उत्तर संख्येत आहे. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगानं १९८७ मध्ये सांगितलं. आज मंजूर पदं धरूनही आकडा एकविसाच्या आसपास आहे.

‘मग गोळीच बरी’

हैदराबादजवळ २०१९ मध्ये बलात्कार व खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले. पोलिसांवर फुलं उधळली गेली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगानं २०२२ च्या अहवालात म्हटलं, की मारण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो, त्याच्याविरुद्धचा पुरावा कधीच तपासला जात नाही. हत्यार कुणी पुरवलं, गाडी कुणाची होती, पैसे कुठून आले, ही साखळीही बहुधा तिथेच तुटते.

आणि आधी पकडलेला माणूसच चुकीचा असेल तर? गुरुग्रामच्या एका शाळेत २०१७ मध्ये सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. काही तासांत पोलिसांनी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला, कबुली मिळाल्याचं सांगितलं, कॅमेऱ्यांसमोरही आणलं. लोकांनी त्याच्या फाशीची मागणी केली. त्याचं वकीलपत्र घेऊ नये असा ठराव स्थानिक वकिलांनी केला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि संशय त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्यावर गेला. कंडक्टर दोन महिन्यांहून जास्त काळ तुरुंगात होता. तो जिवंत बाहेर आला, तो कोर्टानं दिलेल्या जामिनावर.