मुंबईच्या हवेत कुठलं पोलाद? माझी पसंती

खिशातल्या चाकूचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "धार किती दिवस टिकते?" मी मुंबईत राहतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. हे पोलाद गंज किती धरतं? दुसरा प्रश्न, घरच्या साध्या दगडावर किती वेळात पाजवून होतं? धार किती टिकते हे मी तिसऱ्या नंबरवर विचारतो. पोलादांच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात त्यांचा क्रम नेमका उलटा असतो, कारण त्या बहुतेक दोर आणि पुठ्ठा कापून केलेल्या असतात. आपण काय कापतो? कैरी, लिंबू, हापूस, पार्सलची टेप, सुतळी, नारळाच्या शेंड्या, वायरचं आवरण. तेही अशा शहरात, जिथे खिडकीच्या गजांना दर दोन-तीन वर्षांनी नवा रंग द्यावा लागतो.

गंज म्हणजे पात्यावर पडणारा तांबूस डाग एवढंच नाही. चांगल्या पाजवलेल्या धारेचं टोक एक मायक्रॉनहून कमी जाड असतं. पात्याच्या सपाट भागावर गंज दिसण्याएवढा वाढायच्या आधीच लिंबाच्या आम्लाने किंवा खाऱ्या ओलाव्याने ते टोक खाल्लेलं असतं. रात्री कैरी चिरून चाकू तसाच ओट्यावर राहिला आणि सकाळी टोमॅटोच्या सालीवरून घसरला, तर तिथे कापून धार गेलेली नसते, ती गंजून गेलेली असते. म्हणून पावसाळ्यातल्या मुंबईत, वरळी-माहीम-कुलाब्याच्या खाऱ्या वाऱ्यात, गंजरोधकता हाच धार टिकण्याचा अर्धा हिशोब आहे असं मी मानतो.

आता क्रोमियमकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. पोलादात साधारण १०.५ टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो आतल्या लोखंडाला जपतो. पण चाकूच्या पोलादात कार्बनही भरपूर असतो आणि कार्बनला क्रोमियमची ओढ असते. दोघं मिळून कार्बाइडचे कठीण कण बनवतात. त्या कणांत गेलेलं क्रोमियम एफडीत अडकवलेल्या पैशासारखं: खात्यावर दिसतं, पण गंजाशी लढायच्या वेळी हाताशी येत नाही. त्यामुळे नुसती क्रोमियमची टक्केवारी वाचून काही कळत नाही. सोबत कार्बन किती आहे ते बघावं लागतं.

डी२ नावाचं पोलाद हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. सुमारे १.५ टक्के कार्बन, १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. आकडा स्टेनलेसचा, पण बरंचसं क्रोमियम मोठमोठ्या कार्बाइडमध्ये गेलेलं. वसई-भांडुपच्या टूलरूममध्ये काम केलेल्यांना हे पोलाद चांगलं माहीत असतं. तिथे या घराण्याला एचसीएचसीआर म्हणतात आणि पत्रा कापायच्या डाय, म्हणजे साचे, त्याच्यापासून बनवतात. डायसाठी ते उत्तम आहे. डाय तेलात असते, झिजेशी लढते, तिला लिंबू चिरायचं नसतं. स्वस्त फोल्डिंग चाकूंमध्ये मात्र डी२चा सुळसुळाट झाला आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. ऑगस्टमध्ये घामाच्या खिशात एक दिवस राहिलं की पात्यावर ठिपके येतात. कार्बाइड मोठे असल्यामुळे बारीक कोनात पाजवलं तर धारेला सूक्ष्म खांडं पडतात. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्याने आवडीने वापरावं. मुंबईत राहणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

माझी पहिली पसंती १४सी२८एन. हे स्वीडनचं पोलाद, सँडविकने विकसित केलेलं. त्या कंपनीचा हा विभाग २०२२ साली वेगळा होऊन अलायमा झाला, त्यामुळे आता दोन्ही नावं ऐकू येतात. कार्बन फक्त ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि ०.११ टक्के नायट्रोजन. सगळी गंमत त्या नायट्रोजनमध्ये आहे. कडकपणा आणायचं थोडं काम तो कार्बनऐवजी करतो, पण कार्बनसारखं क्रोमियम ओढून घेत नाही. कार्बन कमी, म्हणून क्रोमियम मोकळं राहतं आणि गंजाशी लढायला उरतं. याचं मूळ १३सी२६ या दाढीच्या ब्लेडच्या पोलादात आहे. कर्शॉ या अमेरिकन चाकू कंपनीला त्याहून जास्त गंजरोधक पोलाद हवं होतं, त्यातून हे आलं. ब्लेडच्या घराण्यातलं असल्यामुळे कार्बाइड अगदी बारीक. अशा पोलादाला अतिशय पातळ, तीक्ष्ण धार येते आणि ती सहजी तुटत नाही.

नागदेवी स्ट्रीटवर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू भरड आणि एक बारीक असलेला साधा दगड घ्या. १४सी२८एन त्याच्यावर दहा मिनिटांत केस कापणाऱ्या धारेवर येतं. धार महिनाभर टिकत नाही, हे खरं. पण जे पोलाद रविवारी चहा उकळेपर्यंत पाजवून होतं, त्याची धार महिनाभर टिकण्याची मला गरजच वाटत नाही.

माझ्या मामेभावाने नवा चाकू घेताना फोन केला होता. "दादा, एम३९० घेऊ का? सगळे म्हणतात त्याच्यासारखं पोलाद नाही."

मी त्याला विचारलं, "डायमंड प्लेट आहे का तुझ्याकडे?"

"नाही. आपला घरचा दगड आहे ना."

"मग नको घेऊस."

डायमंड प्लेट म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पाजवायची पाटी. एम३९० वाईट नाही. ऑस्ट्रियाच्या बोहलरचं हे पावडर स्टील, म्हणजे धातूची भुकटी दाबून-तापवून बनवलेलं पोलाद: १.९ टक्के कार्बन, २० टक्के क्रोमियम, ४ टक्के व्हॅनेडियम. धार खरोखर लांबपर्यंत टिकते आणि गंजालाही चांगलं तोंड देतं. पण व्हॅनेडियमचे कार्बाइड आपल्या साध्या दगडाच्या कणांइतकेच किंवा त्याहून कठीण असतात. दगड भोवतालचं पोलाद झिजवतो आणि ते कण तसेच राहतात. माणूस तासभर घासत बसतो, बर (पाजवताना धारेवर उठणारी बारीक कड) निघत नाही, कंटाळतो, मग चाकू खणात जातो. बोथट एम३९०पेक्षा धारदार साधं पोलाद केव्हाही बरं. अमेरिकेच्या क्रूसिबलने २००१ साली आणलेल्या एस३०व्हीबद्दलही माझं हेच मत आहे. त्यातही ४ टक्के व्हॅनेडियम. ज्याला डायमंडवर पाजवायची हौस आहे त्याने ही पोलादं जरूर घ्यावीत. मला ती हौस आहे, तरी रोजच्या खिशात मी ती ठेवत नाही.

या महागड्या रांगेतलं ज्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे ते एकच, मॅग्नाकट. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने ते तयार केलं आणि २०२१ मध्ये ते बाजारात आलं. क्रोमियम फक्त १०.७ टक्के, म्हणजे डी२पेक्षाही कमी. पण रचनाच अशी केली आहे की क्रोमियमचे कार्बाइड जवळजवळ उरतच नाहीत. कार्बनला बांधून ठेवायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियम हे धातू करतात, क्रोमियम मोकळं राहतं. त्यामुळे दुप्पट क्रोमियमवाल्या पोलादांच्या तोडीस तोड ते गंजाला झुंज देतं. वर लिहिलेलं टक्केवारीचं सगळं गणित ज्याला पटत नसेल त्याने डी२ आणि मॅग्नाकट शेजारी ठेवून बघावेत. किंमत मात्र आपल्याकडे येईपर्यंत फार चढते.

स्विस आर्मी नाइफला चाकूशौकीन मंडळी मऊ म्हणून नाकं मुरडतात, याचा मला राग येतो. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद १.४११० या युरोपीय क्रमांकाचं, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५६च्या आसपास. मऊ आहे, हो. ते तसं मुद्दाम ठेवलं आहे. कपाच्या तळाची जी खरखरीत, बिनचकाकीची कड असते तिच्यावर चार हात फिरवले तरी त्याला धार येते. गंज जवळपास येत नाही. धार वाकते, तुटत नाही. आंबे कापायला, गावाला जाताना पिशवीत टाकायला आणि ज्याला पाजवण्याचा अजिबात सराव नाही त्याच्या हातात द्यायला याहून चांगलं पोलाद मला माहीत नाही. पहिला चाकू घेणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सांगतो.

साध्या कार्बन पोलादावर माझं प्रेम आहे, पण घरापुरतं. विळीचं पातं, अडकित्ता, कोळणींचा कोयता, या सगळ्यांची धार कार्बन पोलादाचीच आणि तिच्यासारखी गोड धार स्टेनलेसला क्वचित येते. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० पासून बनणारा ओपिनेल कार्बन पोलादातही मिळतो, ०.९ टक्के कार्बनचा. काकडी कापताना हाताला कळतच नाही. पण कोकम किंवा कैरी कापली की पातं काळं पडतं, लगेच पुसावं लागतं, आणि लोकलच्या गर्दीत भिजलेल्या पिशवीत ते टिकत नाही. शिवाय ओपिनेलची मूठ बीच लाकडाची. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं उघडायला नखं तुटायची वेळ येते. ओपिनेल हवाच असेल तर स्टेनलेस पात्याचा घ्या. तेही सँडविकच्याच १२सी२७ घराण्यातलं आहे. आणि मुठीला आधी जवसाचं तेल पाजून वाळवा.

जे खरोखर समुद्राच्या पाण्यात हात घालतात, बांद्र्याच्या खडकांवर गळ टाकून बसतात किंवा मढ-मार्व्याकडे होडीवर जातात, त्यांच्यासाठी मात्र माझं उत्तर बदलतं. तिथे एलसी२००एन. यात कार्बन जेमतेम ०.३ टक्के आणि नायट्रोजन त्याहून जास्त. मूळ विमान-अवकाश क्षेत्रातल्या बेअरिंगसाठीचं पोलाद. स्पायडर्को या अमेरिकन चाकू कंपनीने आपल्या सॉल्ट मालिकेत ते वापरलं आहे. मासा साफ करून नुसतं झटकून ठेवलं तरी चालतं. शहरातल्या रोजच्या वापराला एवढ्याची गरज नाही.

इतकं नावांबद्दल बोललो, पण पात्यावर कोरलेलं नाव म्हणजे अर्धीच माहिती. उरलेलं अर्धं पाणी कसं दिलंय त्यात असतं. हेच १४सी२८एन नीट तापवून, वेगाने थंड करून, योग्य टेंपर दिलं (म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवलं) तर रॉकवेल ६०पर्यंत जातं. घाईत उरकलं तर ५५-५६वर मऊ राहतं आणि त्याची गंजरोधकताही घटू शकते. म्हणून अनोळखी ब्रँडच्या भारी पोलादापेक्षा नाव असलेल्या कारखान्याचं साधं पोलाद मी घेतो. पात्याची जाडीही तितकीच महत्त्वाची. धारेच्या लगेच मागे पातं जाड असेल तर कुठल्याही पोलादाचा चाकू सफरचंद कापत नाही, फोडतो.

यातूनच धारवाल्यांचा मुद्दा. सायकलवर दगडी चाक घेऊन गल्लीत येणारे धारवाले विळी-कात्रीसाठी ठीक आहेत, त्यांच्या हातात कसब आहे. पण चांगला खिशातला चाकू कोरड्या फिरत्या चाकावर देऊ नका. १४सी२८एनसारख्या पोलादाचा टेंपर साधारण २०० अंशांच्या आसपास दिलेला असतो. ठिणग्या उडत असताना धारेचं पातळ टोक क्षणात त्याच्या वर जातं आणि मऊ पडतं. वरून धार झाल्यासारखी वाटते, दोन दिवसांत बसते. हाताने, पाण्याच्या दगडावर, प्रत्येक बाजूला १५ ते १८ अंशांचा कोन ठेवून पाजवा.

एक गोष्ट कायद्याची, कारण कमेंटमध्ये विचारलं जाईलच. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुरे-शस्त्रं बाळगण्यावर बंदी असते. त्या काळात चाकू घरीच ठेवा. मेट्रोत आणि मॉलमध्ये तपासणीत तो अडतोच. खिशातला चाकू म्हणजे अवजार. ज्याला तो दाखवायला हवा आहे त्याने घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यासाठी दोन कामं जूनच्या आधीच करून ठेवा. बिजागरीच्या जागी केमिस्टकडे मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब. गोडंतेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होतं आणि त्यात खिशातला कचरा बसतो. आणि चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून कपाटात टाकू नका. चामडं ओलावा धरून ठेवतं, आणि दसऱ्याला पूजेसाठी म्यान उघडाल तेव्हा स्टेनलेसवरही डाग सापडतील. सुती फडक्यात गुंडाळा, शेजारी सिलिका जेलची पुडी टाका, ती नव्या चपलांच्या खोक्यात फुकट मिळते.