धन्याचं पाणी प्या, पण मावशीची गोळी सोडायला सांगू नका

कळव्याच्या मावशीची थायरॉइड ग्रंथी जास्त हॉर्मोन बनवते. त्यावर रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा, डोस ठरला आणि महिला मंडळाच्या ग्रुपवरून तिला फॉरवर्ड आला: 'अणूचा डोस घेऊ नका. रेडिएशन जन्मभर अंगात राहतं, कॅन्सर होतो, मूल होत नाही, थायरॉइड जळतो. गोळ्या बंद करा, धन्याचं पाणी प्या.' मावशीने कार्बिमाझोल, म्हणजे हॉर्मोन कमी करणारी गोळी, खरंच बंद केली.

आधी हे शेवटचंच घेते, कारण जिवावर बेतणारं तेच आहे. मावशीने कप उचलला की बशी खडखडते, बसल्या जागी छाती धडधडते. अशा वेळी मनाने गोळी सोडली तर ठोके अनियमित होतात, गुठळी होऊन लकवा मारू शकतो, क्वचित थेट आयसीयू. डोसआधी काही दिवस गोळी थांबवतात, पण कधी ते डॉक्टर सांगतात, ग्रुप नाही. धन्याच्या पाण्याने वाढलेलं हॉर्मोन उतरत नाही.

जन्मभर रेडिएशन? या डोसमधलं आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत हजारावा भागही उरत नाही, शिवाय बरंचसं लघवीवाटे आधीच निघून जातं. हे आयोडीन आपल्या वाशीच्या ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेतून देशभर जातं. जन्मभर टिकणारं असतं तर हॉस्पिटलांना पुन्हा पुन्हा ताजं मागवावं लागलं असतं का? सुरुवातीचे दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं, एवढं पाळायचं.

कॅन्सरचं अर्धसत्य आहे, ते मान्य करते. १९९८ साली ३५,५९३ रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात एकूण कॅन्सरमृत्यू वाढलेले दिसले नाहीत. याच गटाच्या २०१९ च्या विश्लेषणात मात्र जास्त डोसबरोबर धोका किंचित वाढलेला दिसला. हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण 'कॅन्सर होतो' असं सरसकट ठोकून देणं खोटं आहे.

मूल होतं, सहा महिने थांबायचं. गरोदरपणात मात्र हा डोस देतच नाहीत. थायरॉइड जळतो? हो, उपचारच तो आहे: ग्रंथी हे आयोडीन शोषते आणि त्याच्या किरणांनी आतल्या पेशी मरतात. नंतर बहुतेकांना रोज थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हॉर्मोनची गोळी, घ्यावी लागते, आयुष्यभर.

खरी काळजीची गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. ग्रेव्ह्जच्या आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त हॉर्मोन बनवायला लावते) डोळे पुढे आले असतील, तर या डोसने ते बिघडू शकतात, सिगरेट ओढणाऱ्यांचे जास्त. मावशीचे डोळे लाल असतात. डोसआधी ते दाखवायचेत, आणि गोळी आजच पुन्हा सुरू करायची का, हे तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचंय.